तक्रारदाराचं नाव

६ जानेवारी, सोमवार

प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पनवेलच्या ऑफिसात रुजू झाले. खिडकीतून महामार्ग दिसतो आणि दिवसभर ट्रेलरचे हॉर्न ऐकू येतात. पुण्यात मी कुणाच्या तरी हाताखाली होते, इथे पाहणीला मी जायचं आणि अहवालाखाली सहीही माझीच. नेमणुकीच्या पत्रात ते वाचून बरं वाटलं आणि थोडी धास्तीही.

आमचे साहेब उदयसिंह सर, निवृत्तीला आलेले, आवाज न चढवणारे गृहस्थ. त्यांनी पहिल्याच दिवशी काम दिलं. केमिकलचा घातक कचरा चोरून कुठेतरी टाकल्याच्या आजवर जेवढ्या तक्रारी आल्या, त्या सगळ्या नव्या पोर्टलवर चढवायच्या. प्रत्येकीपुढे ‘प्रलंबित’ किंवा ‘निकाली’, दोनच पर्याय. लवकरात लवकर सगळ्या निकाली दिसल्या पाहिजेत म्हणाले.

“म्हणजे तपास पूर्ण करायचा, सर?”

“नोंद पूर्ण करायची,” सर म्हणाले आणि चहा मागवला.

राहायची सोय मात्र छान झाली. कमळाकरशेठच्या बंगल्याचा वरचा मजला. इथलं जुनं आगरी घर. शेती गेली, आता काका बांधकामांना मुरूम पुरवतात आणि जागा भाड्याने देतात. त्यांची बायको सत्यवती काकू कमी बोलतात. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून मजला रिकामाच होता. काकूंनी मला खोली दाखवताना नुसतं म्हटलं, “खिडकी उगड. हवा चांगली हाय.”

११ जानेवारी, शनिवार

आठवडाभर जुन्या तक्रारी वाचतेय. बहुतेकांपुढे एकच शेरा, ‘निनावी, सबब दप्तरी दाखल.’ फोन आणि आवक-जावक भावना बघते. तिने मला त्याचं परिपत्रक काढून दाखवलं. तक्रारदाराचं नाव-पत्ता नसेल तर तक्रार विचारात घेऊ नये. मला ते पटलंही. नाहीतर जो तो शेजाऱ्यावर राग काढायला आम्हाला फोन करेल.

काकूंनी जेवायला खाली बोलावलं. चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण. मी मासे खाते, पण चिंबोरी पहिल्यांदाच. नांगी फोडता येईना, तर काकूंनी माझ्या ताटातल्या फोडून दिल्या.

“माजे माहेरी खाडीत टोपल्या भरून मिलायच्या,” त्या म्हणाल्या. “ह्या करंज्याच्या बंदरावरून आनल्यात.”

“आता नाही मिळत?”

“आता नाय.”

काका म्हणाले, “जेऊ द्या तिला.”

१७ जानेवारी, शुक्रवार

आज भावनाने एक फोन घेतला. कोणी बाई होती, गावाकडच्या बोलीत. मोरखाडच्या जुन्या मिठागरात, तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, मागे, गाड्या येऊन काळं काहीतरी ओततात आणि ड्रम पुरतात, एवढं बोलली. नाव विचारल्यावर फोन ठेवला.

भावनाने सवयीने ‘निनावी’ लिहिलं. मी सरांकडे गेले. म्हटलं, इतकी नेमकी जागा सांगितलीय, एकदा बघून येऊ का? सरांनी चष्मा पुसला. “जा. पाहणी केली असं लिहिता येईल.” सोमवारी जायचं ठरलं.

संध्याकाळी अंगणात काकांबरोबर चहा. मला ही वेळ फार आवडते. काका गप्पिष्ट आहेत, या भागातली सगळी माहिती त्यांना तोंडपाठ. त्यांनी विचारलं, “सोमवारी कुनीकडे दौरा, मॅडम?” मी मोरखाड सांगितलं. त्यांनी रस्ता नीट समजावून दिला, कुठला बांध खचलाय तेसुद्धा. अशी माणसं भेटली की परक्या गावात एकटं वाटत नाही.

२० जानेवारी, सोमवार

मोरखाडला जाऊन आले. जुनी वाफे पडलेली मिठागरं, पलीकडे तिवरं, त्यामागे खाडी. तक्रारीत सांगितलेल्या जागी काहीच नव्हतं. सगळीकडे ताजा लाल मुरूम पसरून सपाट केलेला. उग्र वास येत होता, पण ओहोटीला चिखलालाही वास येतो. आमच्याकडे खणायला काही साधन नव्हतं. फोटो काढले. शेरा लिहिला, ‘प्रत्यक्ष पाहणीत आक्षेपार्ह काही आढळले नाही.’

मुरूम इतका ताजा कसा, हे मनातून जात नाही. आम्ही येणार हे कुणीतरी आधीच कळवलं असणार. ऑफिसात हा दौरा फक्त सर, भावना आणि ड्रायव्हरला माहीत होता.

काकूंनी भात वाढता वाढता विचारलं, “मंग काय लिवलंस?”

“काही आढळलं नाही, असं.”

“तसंच लिवलंस?”

“जे दिसलं तेच लिहायचं असतं, काकू.”

त्यांनी भाताचं पातेलं उचललं. ताक न वाढताच आत गेल्या. दिवसभर काम करून थकत असतील.

२८ जानेवारी, मंगळवार

त्या बाईचा पुन्हा फोन. भावनाने तिचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले, ‘मॅडमना सांगा वरून बगू नका. मुरूम खनून बगा.’ म्हणजे मी गेले होते हे तिला ठाऊक आहे. गावातच कुठेतरी राहत असणार.

दुपारी एकटीच रिक्षाने मोरखाडला गेले. बांधावर काशिराम नावाचा एक जण जाळं सोडवत बसला होता. चाळिशीचा असेल. पायाला फडकं गुंडाळलेलं. चिखलात उतरलो तेव्हा काहीतरी काळं डांबरासारखं लागलं, तेव्हापासून पाय भरून येत नाही म्हणाला. फडकं सोडून दाखवलं. घोट्याच्या वरपर्यंत कातडी गेलेली. मला बघवेना.

“डॉक्टरला दाखवलंत?”

“दाकवला. तो बोलला चिकलात जाऊ नको. मंग मी खाऊ काय?”

जबाब देणार का विचारलं. त्याने मान हलवली. “नाव नको बाय. जागा आमचेच मानसाची हाय.” कुणाची, ते सांगेना.

३० जानेवारी, गुरुवार

आता खणूनच बघायचं. ऑफिसकडून जेसीबी मिळायला कागद वरपर्यंत जावे लागतील. मग डोक्यात आलं, काकांचा तर धंदाच मातीचा. चहाच्या वेळी त्यांनाच विचारलं. त्यांनी हातातली बशी खाली ठेवली, मग म्हणाले, “तुमच्यासाठी नाय बोलनार काय, मॅडम? बुधवारी सकाळी पाठवतो.” वर भाडंही नको म्हणाले. मी ऑफिसकडूनच देईन असं बजावलं.

काकू दारात उभ्या होत्या. मी हसले, त्या हसल्या नाहीत.

५ फेब्रुवारी, बुधवार

जेसीबी आलाच नाही. उन्हात बारापर्यंत बांधावर उभे राहिलो. काकांचा फोन आला, ऑपरेटरच्या घरी हळद आहे, तो तिकडे पडलाय, फार शरमल्यासारखं बोलत होते. इथे हळदीला अख्खं गाव लोटतं, त्याला ते तरी काय करणार.

मागचा मुरूम आणखी उंच झालेला दिसला. वर रोलर फिरवलाय.

सरांना सांगितलं की कुणीतरी बातमी फोडतंय. सर म्हणाले, “कोण?” मला नाव घेता आलं नाही, पण भावना शेजारच्या टेबलावर होती आणि मी तिच्याकडे पाहिलं. तिनेही ते पाहिलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

भावना माझ्याशी कामापुरतंच बोलते. मीही.

मोरखाडची तक्रार सरांच्या सांगण्यावरून ‘निकाली’ केली. पोर्टलवर ती ओळ हिरवी होते. त्या हिरव्या रंगाकडे बघत बसले. काशिरामचा पाय डोळ्यांपुढून हलेना. पण तक्रारदार नाही, साक्षीदार नाही, डोळ्यांना काही दिसलं नाही. याच्यावर मी काय उभं करणार?

संध्याकाळी काका बाहेर गेले होते. काकू माझ्यासाठी चहा घेऊन वर आल्या, पहिल्यांदाच. बसल्या. अचानक ऑफिसचं विचारायला लागल्या.

“नाव दिलं तर खरंच बगतात?”

“नाव असलं की बघावंच लागतं. टाळता येत नाही.”

“आनि ते नाव कोनाला सांगत नाय?”

मी खरं तेच सांगितलं. कागदावर गुप्त असतं, पण पंचनाम्याला माणूस समोर उभा राहिला की गावभर होतंच.

“जागा ज्याची, त्याला काय होतं?”

“त्यालाही नोटीस जाते. आपल्या जागेत हे होऊ कसं दिलं, त्याचा जाब द्यावा लागतो. कोर्टही मागे लागू शकतं.”

“त्याला म्हाइत नसलं तरी?”

“माहीत नव्हतं हे त्यालाच सिद्ध करावं लागतं.”

त्यांनी कप उचलले. जिन्यात थांबून म्हणाल्या, “बरं झालं सांगितलंस.” घरात बसून बसून माणसाला बाहेरच्या जगाचं कुतूहल वाटत असणार. त्यांना कुणी काही समजावून सांगत नसेल.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

काका सकाळीच अलिबागकडे लग्नाला गेले. काकू गेल्या नाहीत. मला म्हणाल्या, “माजे माहेरी येतंस? भाजी आनू.” मला सुट्टीच होती. रिक्षात बसल्यावर त्यांनी रिक्षावाल्याला मोरखाड सांगितलं तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या रस्त्याकडे बघत होत्या.

बांधापाशी उतरलो. काकूंनी चपला हातात घेतल्या आणि सराईतपणे पुढे चालू लागल्या. मला तीनदा येऊनही न सापडलेली एक वाट होती, तिवरांच्या आतून. ती थेट मुरुमाच्या ढिगामागे निघते, खाडीच्या बाजूला. तिथे भरतीच्या पाण्याने कड कापली होती. कापलेल्या मातीतून निळ्या ड्रमची तोंडं बाहेर आली होती, काही फुटलेली. त्यातून काळा घट्ट ओघळ थेट खाडीत. वासाने घसा जळायला लागला. मी काकूंना मागे ओढलं.

“ही जागा कुणाची आहे, काकू?”

“माजी.”

मला वाटलं, माहेरची या अर्थाने म्हणतायत.

“माजे नावावर हाय,” त्या म्हणाल्या. “मना भाऊ नाय. बापाने जाताना मिठागर माजे नावावर केलं. हे बोलले, गाड्या उभ्या करायला भाड्यानं देऊ. मी सही केली. काशिरामचा पाय बगितला तवा इकडे आले. तो माजे चुलत्याचा पोर.”

“फोन तुम्ही करत होतात?”

“दुसरं कोन करील?”

“मी तुमच्या घरात राहते. मला का नाही सांगितलंत?”

“कसं सांगू? तू चहा पिताना सगलं यांना सांगायचीस. कवा जानार, कुठं जानार. मी दारात उभी ऱ्हायची. जेसीबी पन तू यांनाच मागितलास.”

त्या रागाने नव्हत्या बोलत. साधं सांगत होत्या. मी तिथेच बांधावर खाली बसले. महिनाभराच्या सगळ्या संध्याकाळी एकामागून एक आठवल्या. खचलेला बांध दाखवणारे काका, न आलेला जेसीबी, रोलर फिरवलेला मुरूम. बातमी फोडणारी मीच होते, आणि बिचाऱ्या भावनाकडे बोट दाखवून मोकळी झाले होते.

काकू माझ्या शेजारी बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “आता लिव. माजं नाव लिव.”

“काकू, नोटीस तुम्हालाच येईल. मालक म्हणून.”

“तू सांगितलंस ना मना. म्हनून इतके दिवस इचार केला.”

“आणि काका?”

त्यांनी पदराने कपाळ पुसलं. “त्यांना मी सांगीन. तू नको सांगूस.”

२४ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिस उघडायच्या आधीच सरांची वाट बघत उभी होते. सगळं सांगितलं. मी कुणाच्या घरात राहते, दौऱ्यांचं कुणाला बोलले, सगळं. काही लपवलं नाही. वाटलं होतं, सर प्रकरण दुसऱ्याकडे देतील आणि माझी बदली होईल.

सरांनी कोरे कागद माझ्यापुढे सरकवले. मग म्हणाले, “हे सगळं लेखी द्या. आजच. पंचनाम्याला तुम्ही नाही, मी जातो.”

मी थांबले, तसं ते म्हणाले, “निनावी होतं तोवर मला हात बांधून बसता येत होतं, चारुता. आता बाईने नाव दिलंय.” मला त्यांनी नावाने हाक मारायची ही पहिलीच वेळ.

काकू दुपारी आल्या. इस्त्रीची साडी नेसून, एकट्या. तक्रार भावनाने लिहून घेतली. लिहिता लिहिता ती थांबली. “मॅडम, तक्रारदार आणि जमीनमालक, दोन्हीकडे एकच नाव येतंय. चूक झालीय का?”

“नाय,” काकूच म्हणाल्या. “दोन्ही मीच.”

भावनाने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि दोन्ही रकान्यांत नाव नीट, ठळक अक्षरात लिहिलं. नंतर मी तिला चहाला बाहेर नेलं आणि माफी मागितली. ती म्हणाली, “मला वाटलंच होतं तुम्ही माझ्यावर संशय घेताय. घरी जाऊन रडले होते.” मग म्हणाली, “दोन वडापाव सांगा.”

२६ फेब्रुवारी, बुधवार

बेलपाड्यात एक खोली मिळाली. आता या घरात राहणं बरोबर नाही. सामान बांधत होते तेव्हा काका जिना चढून आले. चेहरा उतरलेला. काकूंनी सांगितलं होतं.

“एक विचारू, मॅडम? तुम्ही पढवलंत तिला?”

“नाही, काका. त्याच मला घेऊन गेल्या.”

ते वरच्या पायरीवर बसले. “लगीन झाल्यापासून माज्याशी कधी मोठ्यानं नाय बोलली. आनि सरकारशी बोलली.”

मी हातातला कपड्यांचा गठ्ठा बॅगेत ठेवला.

“ट्रान्स्पोर्टवाला बोलला, राख हाय, भरावाला चालते,” ते म्हणाले. “मी पन जाऊन नाय बगितलं. नंतर कळलं, तवा वाटलं मुरूम टाकला की झालं.”

“काशिरामचा पाय बघितलात का?”

“नाय.”

“बघून या.”

मला वाटलं चिडतील. चिडले नाहीत. माझी मोठी बॅग त्यांनीच खाली नेली. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. बाहेरच्या ओट्यावर माझ्यासाठी भरलेला डबा मात्र होता.

३ मार्च, सोमवार

पंचनामा झाला, नमुने सीलबंद होऊन प्रयोगशाळेत गेले. सर स्वतः मास्क लावून चिखलात उतरले, असं भावनाने सांगितलं. ड्रम उघडताना वारा फिरला तेव्हा सगळे पळाले, सर सोडून. हिरवी झालेली ओळ पुन्हा ‘प्रलंबित’ करायला वरून परवानगी लागते. सरांनी ती मागितली. निकाली तक्रार परत उघडणं हे कमीपणाचं समजतात, आणि त्यांची नोकरी थोडीच उरलीय.

१३ मार्च, गुरुवार

अहवाल आला. आम्हाला वाटलं त्याहून वाईट. पोलिसांत गुन्हा नोंदला, ट्रान्स्पोर्टवाला ताब्यात आहे. त्याने माल कुठल्या कंपनीतून उचलला ते सांगितलं आणि कंपनीलाही नोटीस गेली. कचरा उचलून नेण्याचा खर्च तिने करायचा. नोटीस काकांना गेली, काकूंनाही गेली. दोघांना एकाच पत्त्यावर, वेगवेगळ्या पाकिटांत. ती पोचवायला गेलेल्या आमच्या माणसाला काकूंनी आधी पाणी दिलं, मग सही केली.

आज गावात होळी. कोणी मला बोलावेल असं वाटलं नव्हतं, पण काशिरामचा फोन आला. मी गेले नाही. जाणं योग्य नव्हतं. फोनवर त्याने सांगितलं, शेठ घरी आला होता, डॉक्टरकडे घेऊन गेला. आणि मग म्हणाला, “माजं पन नाव घ्या. शेजारच्या वेणूचं पन घ्या, ती पन मासली धरायला उतरते, तिच्या हाताला तसंच झालंय.” मी सांगितलं, माझ्याकडे नाही, भावनाकडे या. दोघंही सोमवारी येणार आहेत.

२२ मार्च, शनिवार

आजपासून ड्रम काढायला सुरुवात झाली. सरांनी मला लांबून बघायला परवानगी दिली, अहवाल लिहायला नाही.

पांढऱ्या पोशाखातली माणसं क्रेनने एकेक ड्रम उचलून बंद गाडीत ठेवत होती. पोलिसांनी बांध दोरी लावून अडवला होता. दोरीच्या अलीकडे गावातली माणसं उभी. त्यातली काही काकूंपासून जरा अंतर ठेवून होती. कुणाचा भाचा त्या ट्रान्स्पोर्टवर ड्रायव्हर, कुणाला अशीच जागा भाड्याने द्यायची होती. एक बाई मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणाली, “घरचं घरात ठेवता आलं असतं.” काकूंनी मान वळवली नाही. काशिरामने आपल्या बसायच्या गोणपाटाची घडी सोडून त्यांच्यासाठी अंथरली, तशा त्या बसल्या आणि दुपारपर्यंत बसून राहिल्या.

मी पाण्याची बाटली दिली. विचारलं, “घरी कसं आहे?”

“बोलत नाय. जेवतात.” मग थोड्या वेळाने, “काल बोलले. मीठ कमी हाय बोलले.”

“होतं का कमी?”

“होतं.”

चार वाजता आजचं काम थांबलं. गाडी निघून गेली. ढिगाचा कोपरा तेवढा मोकळा झाला होता, बाकी सगळं अजून तसंच. सर म्हणाले, महिना लागेल, पावसाआधी संपवायला हवं. खालची माती किती खोल गेलीय ते खणल्यावरच कळेल. खाडी कधी सुधारेल, हे कुणी सांगू शकत नाही.

रस्त्यावर काकांची गाडी येऊन उभी होती. किती वेळ, कोण जाणे. ते उतरले नाहीत, हॉर्नही दिला नाही. काकू उठल्या, गोणपाट झटकून काशिरामला दिलं, चपला घातल्या. मला वाटलं मागच्या सीटवर बसतील, किंवा बसणारच नाहीत. त्या पुढून वळसा घालून गेल्या, पुढचं दार उघडलं, बसल्या. काच खाली होती म्हणून मला ऐकू आलं.

“चला,” त्या म्हणाल्या. “उद्या नवाला परत यायचंय. तुमी पन उतरा उद्या.”

काकांनी गाडी सुरू केली. उत्तर दिलं की नाही, ते मला ऐकू आलं नाही.